शटल बदलून द्या

क्लबच्या कॅन्टीनमधल्या टीव्हीवर सामना चालू होता. इंडोनेशियाचा एकेकाळचा एकेरीतला अजिंक्य खेळाडू पहिल्याच फेरीत धापा टाकत होता. एका लांबलेल्या रॅलीनंतर त्याने शटल उचललं, पिसं निरखली आणि पंचांकडे बदलून मागितलं.

"चांगलं तर आहे की!" माझा दुहेरीतला जोडीदार बापट म्हणाला.

बापटला काय सांगू? गुडघा दुखायला लागल्यापासून सकाळच्या खेळात मीही हेच करतो. शटल बदलेपर्यंत चार श्वास जास्त मिळतात. पण मी हरलो तर सगळ्यांना चहा पाजतो आणि घरी जातो. हा माणूस कुठे जाणार? लहानपणीच घर सोडून तो सराव शिबिरात राहायला गेला, तिथेच मोठा झाला. ऐन भरात असताना समोरचे खेळाडू दमून शटल बदलून मागायचे आणि हा जाळीपाशी हसत उभा राहायचा.

पुढचा गुण त्याने मिळवला, पण उरलासुरला दम त्यातच गेला. त्याने पुन्हा शटल पुढे केलं. पंचांनी नकारार्थी मान हलवली. तो क्षणभर हात तसाच धरून उभा राहिला. मग मुळात सरळच असलेलं एकेक पीस बोटांनी सरळ करू लागला. पंचांनी बजावलं, तरी करतच राहिला.

"अरे, सर्व्हिस कर ना बाबा!" बापट ओरडला.

"थांब रे, घेऊ दे त्याला जरा वेळ," मी म्हणालो. खुर्चीत बसल्या बसल्या मलाच धाप लागली होती.