हात घातल्याबिगर

ज्वारीच्या पोत्यात आक्का कोपरापर्यंत हात घालायची. वरची ज्वारी सगळेच बघतात. आक्का थेट तळाला हात न्यायची, मूठ भरून वर आणायची, तळहातावर पसरून फुंकर मारायची आणि दोन दाणे दाताखाली फोडायची. हे सगळं होईपर्यंत विकणारा कितीही बोलला तरी तिला ऐकू यायचं नाही. मग विचारायची, "काय भाव?" आणि भाव पटो न पटो, उठताना एक वाक्य ठरलेलं. "हात घातल्याबिगर माल घेऊ नये बाबा. मानूस खोटं बोलतंय, दाना न्हाई बोलत."

भावाची चौकशी करणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. काहींना ती खोडच असते. घेणार पावशेर आणि विचारणार पोत्याचा भाव. आक्काचं तसं नव्हतं. तिच्या खानावळीत आम्ही दहा-बारा माणसं दोन वेळा जेवत होतो, आणि नांदेडला नर्सिंग शिकणारी तिची मुलगी त्या चुलीच्या जिवावरच शिकत होती. ज्वारी चढली की आक्काची झोप उडायची.

नवा जिल्हा झाला तेव्हाची ही गोष्ट. लातूरला कचेऱ्या निघाल्या, भाड्याच्या इमारतींवर पाट्या लागल्या, टेबलं-खुर्च्या आल्या आणि त्यांवर बसायला माणसं कमी पडली म्हणून आमच्यासारख्यांना चहूकडून उचलून आणलं. मी मुदखेडकडचा. पोटाची सोय बघत फिरताना कुणीतरी आक्काची पत्र्याची पडवी दाखवली. आत शिरलं की समोरच बुद्धाची तसबीर. नवा माणूस आला की आक्का त्याला बरोबर तसबिरीसमोर बसवायची. "नीट बघून घ्या. मग ताट वाढते." एकदोघे बघून चप्पल घालून निघून गेले. राहिलो त्या आमच्यात सगळ्या जातींची माणसं होती. भूक लागली की माणूस सुधारतो, असं आमचा टायपिस्ट म्हणायचा.

आक्का मूळची निलंग्याच्याही खालच्या अंगाची, अगदी कर्नाटकाच्या शिवेवरची. वाढताना "पुरे का?" असं न म्हणता "साकू?" म्हणायची. नवा माणूस गोंधळून मान हलवायचा आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी पडायची.

शनिवारी कुणी गावी निघाला की त्याला काम लागायचंच. देगलूरला गूळ काय भाव आहे, मुदखेडला शेंगदाणा काय भाव आहे, हे सोमवारी येऊन सांगायचं. टायपिस्ट एकदा देगलूरला मुलगी बघायला गेला होता. परत आल्यावर आम्ही सगळे त्याच्याभोवती गोळा झालो, तर आक्का चुलीपासून म्हणाली, "तिथं तूरडाळ काय भाव हाय?" त्यानं सांगितला. "इथल्यापेक्षा सस्ती हाय की. मग पोरगी कशी हाय?" टायपिस्टनं नकार दिलेला होता. आक्काला डाळीसाठी वाईट वाटलं.

ज्वारी ती आठवडी बाजारातून आणायची. शेतकरी रास लावून बसलेले असायचे आणि राशीत कुणीही हात घालावा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी किराण्याचं मोठं जुनं दुकान होतं, पण तिकडं ती कधी वळायची नाही. आम्ही कारण विचारलं नाही. आम्हाला ताटातल्या भाकरीशी मतलब.

मग कचेऱ्यांच्या बाजूला सहकारी सुपर बाजार निघाला. लातूरला ते नवलच होतं. गल्ल्यासमोर उभं राहून ओरडायचं नाही, आत शिरायचं, पाहिजे ते आपल्या हातानं घ्यायचं, भाव पाटीवर लिहिलेला. आत जायला सरकारी नोकरी लागते असा आक्काचा समज होता, म्हणून ती मला बरोबर घेऊन गेली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. ज्वारीच्या उघड्या पिंपापाशी उभी राहून तिनं तिथल्या माणसाला विचारलं, "हात घालू का?"

"घाला की मावशी. त्याच्यासाठीच उघडं ठेवलंय."

तिनं हात घातला आणि तो बराच वेळ बाहेरच काढला नाही. मला वाटलं, माल नवा आहे, नीट पारखत असेल.

तेव्हापासून आक्का सुपर बाजारची झाली. आणि त्यात तोटाही नव्हता. पहिलं वर्षभर तिथला भाव गल्लीतल्या दुकानाहून कमीच होता. पण पाऊस एक वर्ष गेला आणि दुसऱ्या वर्षीही त्यानं तोंड दाखवलं नाही. टँकर आला की कचेरीतली अर्धी माणसं घागरी घेऊन पळायची आणि साहेबही काही बोलायचे नाहीत, कारण साहेबांचा शिपाई सगळ्यात पुढं असायचा. आठवडी बाजारात राशी दिसेनाशा झाल्या. सुपर बाजारची ज्वारी चढत गेली. ज्या एकदोन दुकानांत आक्का हात घालू शकत होती, तिथला भाव त्याहून वर. आणि गल्लीतल्या त्या जुन्या दुकानात मात्र सुगीत भरून ठेवलेला साठा होता. तिथली ज्वारी गावात सगळ्यात स्वस्त होती.

हे आमच्या अव्वल कारकुनांनी शोधून काढलं. वयानं आणि हुद्द्यानं आमच्यात मोठे तेच, त्यामुळे ते म्हणतील ती पूर्व दिशा. देगलूरकडं त्यांचं रान करपून गेलं होतं आणि घरची सगळी माणसं त्यांच्या पगाराकडं डोळे लावून बसली होती. प्रत्येक घास त्यांना महाग वाटायचा, आणि तो खरंच महाग होता. आक्कानं महिन्याचा दर वाढवायचं काढलं त्याच दिवशी त्यांनी भर पंगतीत विचारलं.

"आक्का, गल्लीत ज्वारी स्वस्त असताना तुम्ही लांबून महागाची का आणता?"

"तिथला माल मला चालत न्हाई."

"किडका आहे?"

"बघितला न्हाई मी. हात घालू देत न्हाईत."

"कोण म्हणतं? मी परवाच बघून आलो. चांगला हात घालून." अव्वल कारकून हसले, पण हसू लवकर आटोपलं. "खरं सांगा, सुपर बाजारवाले तुम्हाला काही कमिशन देतात का?"

आक्काच्या हातातली भाकरी तव्यावर पडली ती दुमडून पडली. तिची भाकरी कधी दुमडलेली मी पाहिली नव्हती. तिनं ती सारखी केली, उलटली आणि म्हणाली, "उद्या सकाळी माझ्यासंगं दुकानात चला साहेब. तुमी बी चला," हे मला.

सकाळी आम्ही तिघं गेलो. दुकानदार मवाळ माणूस, वजनात कुणाला मारणारा नव्हता. "या साहेब, या," म्हणत त्यानं पोत्याचं तोंड उघडलं. अव्वल कारकुनांनी मूठभर ज्वारी काढली, मला दाखवली, परत टाकली. माल टपोरा होता. मग आक्कानं बांगड्या मागं सारल्या आणि हात पुढं केला.

दुकानदारानं पोत्याचं तोंड मुठीत धरलं. घाई न करता, एखादं भांडं झाकावं तसं. "तुम्ही राहू द्या बाई. मी दावतो ना." त्यानं मापानं थोडी ज्वारी घेतली आणि हातभर उंचीवरून तिच्या तळहातावर सोडली. काही दाणे हातावर राहिले, काही खाली सांडले. आवाज न चढवता तो म्हणाला, "बाकीचं गिऱ्हाईक बी बघावं लागतं बाई. जुनं दुकान हाय. समजून घ्या."

मला काय करावं ते कळेना. अव्वल कारकून शेजारच्या खडीसाखरेच्या बरणीकडं बघायला लागले.

आक्कानं दाण्यांवर फुंकर मारली. दोन दाणे दाताखाली फोडले. "काय भाव?" दुकानदारानं सांगितला. "सुपर बाजारापरीस लई सस्ता हाय," ती म्हणाली. "माल बी चांगला हाय तुमचा." आणि उरलेले दाणे तिनं त्याच्या फळीवर ठेवले, अगदी एकही न सांडता, आणि पायऱ्या उतरली.

परतताना तिनं आमच्याकडं न बघताच सांगितलं. "ल्हानपनी आमच्या गावात दुकानदार असंच वरून टाकायचा. आई पदर धरायची. निम्मं पदरात, निम्मं मातीत. मग ती घरी येऊन माती निवडत बसायची आन् आमी भुकेलं तोंड घेऊन तिच्याकडं बघत ऱ्हायचो." थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "कमिशन म्हनत व्हता न्हवं साहेब तुमी?"

अव्वल कारकून मान खाली घालून चालत राहिले. पण दुष्काळ काही कुणाला लाज वाटली म्हणून हटत नाही. चार दिवसांनी सुपर बाजारच्या पाटीवर आणखी वाढीव भाव आला आणि पंगतीत पुन्हा कुजबुज सुरू झाली. दोघांनी स्टँडजवळची दुसरी खानावळ बघून ठेवली होती. बाकीचे अव्वल कारकुनांच्या तोंडाकडं बघत होते. ते वाढीव दराला नाही म्हणाले तर निम्मी पंगत उठणार होती, आणि निम्म्या पंगतीवर चूल चालत नाही हे आक्का चांगलं जाणून होती. मुलीच्या शिक्षणाचं अजून एक वर्ष बाकी होतं.

मी तिला एकटीला गाठून म्हणालो, "आक्का, मी आणून देतो ना त्या दुकानातून. माझा हात चालतो त्याला."

"तुमचा चालतो, म्हनूनच नगं."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळंल की," ती म्हणाली आणि लाकडं आत सारायला लागली. तिचा मला त्या क्षणी रागच आला. गावाकडून मला काही येणार नव्हतं, खिसा माझाही फाटकाच होता, आणि ही बाई एका पोत्यासाठी सगळ्यांची पोटं अडवून बसली आहे असं वाटलं. पण मान वर करून तसं म्हणायची हिंमत झाली नाही, हे बरंच झालं.

महिना संपायला आला. संध्याकाळच्या पंगतीत आक्का अव्वल कारकुनांसमोर येऊन उभी राहिली. "साहेब, तुमचं काय ठरलं?"

ते ताटाकडं बघत म्हणाले, "मला तुमचं म्हणणं समजलंय आक्का. खरंच समजलंय. पण दर परवडत नाही. घरी काय पाठवू?" "पोट भरायचं की मान राखायचा, सांगा तुम्हीच."

"दोनी," आक्का म्हणाली. "दोनी जमत नसलं तर चूल इझवायची. मी वरून टाकलेलं दानं कुनाच्या ताटात वाढनार न्हाई, साहेब. तुमच्या बी न्हाई." मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "खानावळ उद्यापासून बंद. नांदेडला पोरींच्या वसतिगृहात सैपाकाचं काम हाय म्हनून लेकीनं कळवलंय. मी तिकडं जाते. आज पोटभर जेवा."

टायपिस्टनं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि पाणी प्यायला. आक्कानं सगळ्यांना वाढलं, चुलीतली लाकडं ओढून विझवली, आणि मग जे कधी केलं नव्हतं ते केलं. स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि पंगतीशी आली. इतक्या दिवसांत ती आमच्यानंतर, चुलीकडं तोंड करून जेवायची. आमच्यापैकी कुणी तिला बस म्हणालं नव्हतं, आणि तसं म्हणायचं असतं हे आमच्या डोक्यातही आलं नव्हतं. तसबीर बघून बसलेले आम्ही सुधारलेले लोक.

ती अव्वल कारकुनांपाशी थांबली. "सरका जरा."

त्यांचा घास हातातच राहिला. आता हा माणूस ताटावरून उठला तर आपण काय करायचं, हे मी मनाशी ठरवू लागलो आणि काही ठरेना. अव्वल कारकुनांनी घास ताटात ठेवला. ताट डाव्या हातानं ओढलं आणि सरकले. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्हीही सरका की. त्यांना ऐसपैस बसू द्या." आम्ही सगळे भिंतीपर्यंत सरकलो. आक्का बसली. कालवण संपत आल्यावर अव्वल कारकून स्वतः उठले, पातेलं घेऊन आले आणि तिच्या ताटात वाढायला लागले. तिनं थोड्या वेळानं ताटावर हात आडवा धरला आणि म्हणाली, "साकू."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत माझे पाय सवयीनं तिकडंच वळले. पडवीच्या दाराला कुलूप होतं. अव्वल कारकून माझ्याआधीच येऊन तिथं उभे होते, डोक्यावर ऊन घेत. ते स्टँडकडच्या खानावळीत का गेले नाहीत, हे मी विचारलं नाही, आणि त्यांनीही मला विचारलं नाही. मला रडू येत होतं, ते मी घाम पुसण्यावर ढकललं.

"तुमचं गाव नांदेडकडंच ना?" ते म्हणाले.

"हो."

"इथून एसटीनं नांदेडला जायचं तर तिकीट काय पडतं?"

मी सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि महाग आहे असं काही म्हणाले नाहीत.