फोटो पोचला का?

ती बाई आजही माझ्या डोळ्यांसमोर पोलीस ठाण्यातल्या लाकडी बाकावर बसलेली असते. नावं लिहीत नाही. चूक माझी होती, तेवढी लिहितो.

२००९ च्या सुमाराची गोष्ट. मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सेनगावकडच्या तांड्यावरची एक म्हातारी बाजाराला गेली ती परतलीच नाही. तिची सून तीन फोटो घेऊन तक्रार द्यायला आली. मिसिंग रजिस्टरला नोंद झाली.

आमच्या एका महिला शिपायाने तेव्हा एक छोटा प्रोग्राम तयार केला होता. माहिती आणि फोटो भरले की तो ते एका मेल कंपनीच्या एपीआयकडे, म्हणजे मेल पुढे पाठवणाऱ्या त्यांच्या यंत्रणेकडे, सोपवायचा आणि शेजारच्या सगळ्या ठाण्यांना एकदम मेल जायचा. तिने विचारलं, "सर, फोटो लहान करू का? लई जड हायत."

"नको. कानाजवळचे चांदीचे दागिने स्पष्ट दिसले पाहिजेत. ओळख त्यावरूनच पटेल."

पडद्यावर 'नोंद पूर्ण' आलं. मी निर्धास्त झालो.

आठ दिवस कुठूनही उत्तर आलं नाही. मग तांड्यावरचा एक माणूस हळूच सांगून गेला, की त्या सकाळी सासू-सुनेचं भांडण झालं होतं. एवढ्या ठाण्यांना फोटो गेले आणि म्हातारी कुणालाच दिसली नाही, म्हणजे ती जिवंत नसावी, असं मी धरलं. सुनेला चौकशीला बोलावलं.

"भांडण कशावरून?"

"मी रोज तिचे केस इंचरते. त्या दिशी म्हणलं, बाजाराहून आल्यावर इंचरते. रुसली अन् फणी घेऊन तशीच गेली."

"एवढ्यावरून कुणी घर सोडतं?"

"तुमची माय कदी रुसली न्हाई व्हय?"

दाराजवळच्या हवालदाराने मान खाली घातली. मी आवाज चढवला. तीन दिवस तिला सकाळी बोलावून संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. तांड्यावर लोक तिच्याशी बोलेनासे झाले, हे मला कळत होतं.

चौथ्या दिवशी तिनेच विचारलं, "साहेब, फोटू पोचला का?"

"केव्हाच गेला."

"गेला ते ठाऊक हाय. पोचला असं कुणी म्हणलं का? आमची माणसं ऊसतोडीला गेली की पोचल्याचा निरोप येतो. तवर घास उतरत न्हाई."

मी शेजारच्या ठाण्याला फोन लावला. "कसला मेल?" त्यांनी विचारलं. दुसऱ्या ठाण्याचंही तेच.

शिपायाने प्रोग्रामची नोंदवही उघडली आणि तिचा चेहरा उतरला. एपीआयने मेल घेतलाच नव्हता. मर्यादा दहा एमबीची, तिन्ही फोटो मिळून आठ एमबीचे. पण मेलमध्ये घालताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं आणि ती तिसऱ्या हिश्श्याने फुगते, म्हणजे दहाच्या पुढे गेली. नकार आला होता, तो त्या नोंदवहीत पडून होता. पडद्यावरचं 'नोंद पूर्ण' फक्त आमच्या नोंदीपुरतं होतं.

"मी बघायला पाहिजे होतं, सर."

"तू विचारलं होतंस," मी म्हणालो.

तिने फोटो लहान केले. चांदी तरीही दिसत होती. दुपारी मेल गेला आणि दोन तासांत फोन आला. चुकीच्या एसटीत बसलेली म्हातारी शेजारच्या जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यात तापाने पडून होती. तिची बंजारा बोली तिथे कुणाला समजत नव्हती.

मी सुनेला जीपमधून घेऊन गेलो. म्हातारीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. सुनेला पाहून ती रडली नाही. उशीखालून फणी काढून तिच्या हातात दिली. "हितं कुणालाच इंचरता येईना," म्हणाली, असं सुनेने मला सांगितलं.

परतताना माफीचे शब्द तोंडापर्यंत आले होते. पुढे चालक होता, अंगावर वर्दी होती. ते तिथेच राहिले.

त्यानंतर प्रोग्राम पाठवण्याआधी वजन मोजू लागला आणि नकार आला तर पडद्यावर दाखवू लागला. रजिस्टरला मी 'पोच' असा नवा रकाना आखला. तो रिकामा असेपर्यंत कुणावर संशय घ्यायचा नाही, हा नियम स्वतःला घातला.

निवृत्तीनंतर तांड्यावर गेलो. म्हातारी राहिली नव्हती. सुनेने ओळखलं, चहा ठेवला. मी माफी मागितली. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"लई उशीर केलात, साहेब," ती म्हणाली. "तवा तांड्यावर येऊन चार माणसांत बोलला असता तर बरं झालं असतं."

फोटो पहिल्याच दिवशी पोचवता आला असता, बारा दिवस लागले. माफीला तर वर्षं लागली. ती ज्यांच्यासमोर पोचायला हवी होती, त्यांतले निम्मे आता तिथे नाहीत.