अर्ध्या डॉक्टरांची गोळी

औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून राहून केस पिकले, म्हणून गिऱ्हाइकं त्यांना अर्धे डॉक्टर म्हणायची. त्यांनाही ते पटलं होतं. खोकल्याचं औषध ते अगदी आपुलकीने देत. पण चिठ्ठीवर मनाच्या आजाराची गोळी दिसली की ओठ वाकडे होत. "डोक्याचं आहे वाटतं," असं ते सगळ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणत. माणसं मान खाली घालून सटकत, आणि यांना त्यात मर्दुमकी वाटे.

मग मालकाचा मुलगा गल्ल्यावर बसायला लागला. तो चारचौघांत यांच्या चुका काढी. सकाळी शटर वर जायच्या आत यांच्या पोटात कळ यायची, आणि गिऱ्हाईक अर्धवट टाकून संडासाकडे पळावं लागायचं. सुट्टीच्या दिवशी मात्र स्वारी ठणठणीत. एवढं ढळढळीत दिसत असूनही हा शहाणा दोष द्यायचा तो बायकोच्या स्वयंपाकाला. ती बिचारी बिनतिखटाचं शिजवायची आणि दवाखान्याच्या रांगेतही यांच्यासाठी तीच बसायची.

शेवटी मालकाच्या मुलाने बजावलं, की पुन्हा काउंटर सोडलात तर घरी बसा.

तपासण्यांत काही निघालं नाही. पोटाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की याला आयबीएस म्हणतात. दुखणं खरं आहे, ढोंग नाही, पण आतडी आणि मेंदू एकमेकांशी बांधलेले असतात, मनाने धास्ती घेतली की पोट बिथरतं. त्यांनी समुपदेशकाचा नंबर दिला आणि एक गोळी लिहिली. कमी मात्रेत ती पोटालाही शांत करते, म्हणाल्या. मनाच्या आजाराच्या त्या गोळीचं नाव वाचून अर्ध्या डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडला.

आपल्या दुकानातून ती घ्यायची छाती नव्हती. बायकोला घेऊन ते शहराच्या दुसऱ्या टोकाच्या दुकानात गेले. स्वतःच्या नावाचा भाग दुमडून चिठ्ठी पुढे केली. काउंटरवरच्या बाईने ती सरळपणे वाचली आणि गोळी कोणासाठी, एवढंच विचारलं.

"हिच्यासाठी," ते म्हणाले. "जरा भित्रीच आहे ही."

बाई बायकोकडे वळली आणि मायेने समजावू लागली, रात्री झोपताना घ्या, घाबरू नका. बायकोने सगळं नीट ऐकून घेतलं.

"आजार यांना आहे, ताई," ती म्हणाली. "मला नुसता असा नवरा आहे."

मागे कोणीतरी हसलं. अर्ध्या डॉक्टरांच्या पोटात कळ आली, आणि त्या परक्या दुकानात संडास कुठे आहे हे त्यांना विचारावं लागलं.