केबलपाशी बसलेले भाऊ

घुग्घुसच्या आमच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला सगळे भाऊच म्हणत. कोळशाची धूळ आत जाऊ नये म्हणून खोलीच्या दाराशी ते पाय नीट पुसत. स्क्रीन बघण्याआधी मशीनवर तळहात ठेवून ताप बघत.

गेल्या वर्षी सगळं क्लाउडवर गेलं. मशीन उचलायला आलेल्यांना भाऊंनी थांबवलं. "वायर वढू नका, पहिले बंद करू द्या," म्हणाले आणि एकेक मशीन स्वतः बंद केलं. नोकरी टिकली, काम मात्र उरलं नाही.

परवा इंटरनेट गेलं आणि वजनकाट्यावर ट्रकची रांग लागली. साहेबांनी भाऊंनाच बोलावलं. त्यांनी आतली जोडणी तपासली, मग मोटरसायकल काढून केबलच्या वाटेनं निघाले. मी मागे बसलो. पुढे रस्त्याच्या खोदकामात केबल तुटलेली दिसली. इंटरनेटवाल्यांना फोन करून भाऊ तिथंच दगडावर बसले.

"तुमाले जोडता येते का, भाऊ?" मी विचारलं.

"नाई. ते काम आता त्याइचं," ते शांतपणे म्हणाले. "तू गाडी घेऊन जाय. त्याइले जागा दिसली पायजे, म्हणून मी बसून राह्यलो."