आतोबा आणि गल्लीतली तांबडी

माझ्या आत्याचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, यांचं कुठल्याही गोष्टीवर नेमकं मत काय आहे हे सांगू शकेल असा माणूस अख्ख्या तंजावूरात सापडायचा नाही. खुद्द त्यांना विचारावं तर ते आपल्यालाच उलट विचारतात, "तुला काय वाटतं, माझं मत काय असावं?" सरकारी कालव्यांच्या कामावर त्यांनी जन्म काढला. पाणी सोडावं की अडवावं याचा विचार चालू असतानाच ते निवृत्त झाले, असं आत्या म्हणते. कुत्र्यांच्या बाबतीत तर या गोंधळाला सुमार नव्हता. घरापुढच्या ओट्याला आम्ही तमिळ शेजाऱ्यांसारखं तिण्णै म्हणतो, त्या तिण्णैवर बसून सकाळभर ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे, "माणसांनी चालायचं कुठून? एकेक कुत्रं पकडून न्यायला हवं!" आणि दुपारी जेवण झालं की त्याच कुत्र्यांना केळीच्या पानावर दहीभात वाढायचे. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "सकाळी मी नागरिक असतो रे. दुपारी जेवलेला माणूस असतो."

बाहेर जाताना त्यांच्या हाती छत्री असायचीच, पण ती उन्हासाठी नव्हे. कुत्रं अंगावर आलं की आतोबा ती फटकन उघडायचे आणि तिच्याआड रस्त्यातच उकिडवे बसायचे. "छत्रीमुळे कुत्र्याला माणूस दिसत नाही." "आणि माणसाला कुत्रा?" मी विचारलं. "तोही दिसत नाही. म्हणून तर भीती वाटत नाही!" माणसांशी ते तमिळमध्ये बोलत, पण कुत्र्यांशी मात्र शुद्ध मराठीत. याचं कारण विचारलं तर सुस्कारा टाकून म्हणत, "नातवंडांशी मराठीत बोललो की ती तमिळमध्ये उत्तर देतात. ही निदान ऐकून तरी घेतात." त्यातली एक तांबडी कुत्री तर "अगो, इकडे ये" म्हटलं की गल्लीच्या टोकाहून धावत यायची. तिला नाव काही नव्हतं. नाव ठेवलं की कुत्रं आपलं होतं, आणि आपल्या कुत्र्याविरुद्ध तक्रार कशी करणार, अशी आतोबांची अडचण होती.

अशात एका सकाळी आत्या देवळातून परत येत होती. घराच्या पायऱ्यांपाशी पोचते न पोचते तोच मागून कुत्रं आलं आणि तिच्या पोटरीचा लचका तोडून गेलं. आत्या खाली बसली, हातातली फुलं रस्ताभर झाली. सगळी गल्ली धावून आली. कुणी हळद आणली, कुणी चुना, समोरच्या बाईंनी जखमेत काप्पीची, म्हणजे कॉफीची, पूड भरण्यासाठी डबाच उघडला. त्या गर्दीत जन्मात पहिल्यांदा आतोबांना काय करायचं ते पक्कं ठाऊक होतं. "वेण्डाम! काही नको! कुणी हात लावायचा नाही!" असं ओरडून त्यांनी आत्याला नळाखाली बसवलं आणि साबणानं जखम धूत राहिले. आत्या "पुरे हो" म्हणाली तरी धूतच राहिले. मग रिक्षातून आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. पहिली सुई टोचताना आत्या शांत होती. डोळे मिटले ते आतोबांनी. परत येताना ते एवढंच म्हणाले, "आता ठरलं. ही कुत्री इथे नकोत."

त्यांनीच खटपट करून कुत्री धरणारी गाडी बोलावली. गाडीवाल्यानं सरळ प्रश्न टाकला, "चावलं कुठलं?" आणि गोंधळाला सुरुवात झाली. समोरच्या बाई म्हणाल्या काळं, इस्त्रीवाला म्हणाला पांढरं, कोपऱ्यावरचे वकील म्हणाले, कुत्रा नव्हेच, कुत्री. आत्याला विचारलं तर ती म्हणाली, "मला चावलेलं कळलं. कोण चावलं ते कसं कळणार, डोळे काय पोटरीला आहेत?" शेवटी गाडीवाला म्हणाला, सगळीच नेतो, नसबंदीची शस्त्रक्रिया करू, पिसाळण्याच्या रोगाची लस टोचू आणि इथेच आणून सोडू.

"इथेच?" आतोबा थक्क झाले. "मग नेता कशाला?"

"कायदा तसाच आहे, सार."

"पण चावणारं परत येणार?"

"न चावणारीही येतील की."

धरपकड सुरू झाली. तांबडी तर कुणाच्या जाळ्यात सापडेना. तेव्हा गाडीवाल्यानं आतोबांनाच हाक मारायला सांगितलं. "अगो, इकडे ये," ते म्हणाले, आणि ती शेपटी हलवत आली.

गाडी गेली. गल्ली इतकी निवांत झाली की आतोबांना तिण्णैवर बसवेना. दुपारी पायऱ्यांखालून बारीक कुंईकुंई ऐकू आली. वाकून पाहिलं तर आतल्या पोकळीत तीन तांबडी पिल्लं. आत्या नेमकी तिथेच आली होती त्या सकाळी. मग आत्या लंगडत आत गेली आणि ताटलीत दूध घेऊन आली. "चावली तर चावली," ती म्हणाली. "तिच्या जागी मी असते तर मीही चावले असते."

काही दिवसांनी कुत्री परतली, शस्त्रक्रियेची खूण म्हणून प्रत्येकाचा एक कान कातरलेला. तांबडी तेवढी आली नाही. "तिकडे गाडी उघडली तशी पळाली, सार, थांबलीच नाही," गाडीवाला म्हणाला. आतोबा माझ्या स्कूटरवर मागे बसले आणि आम्ही तिला शोधत सगळं गाव फिरलो. पार पापनाशमच्या रस्त्याला लागेपर्यंत. प्रत्येक वळणावर ते "अगो! अगो, इकडे ये!" अशी हाक द्यायचे आणि चहाच्या टपरीवरची माणसं हा म्हातारा कुणाच्या बायकोला बोलावतोय म्हणून पाहायची.

"सापडली तर काय करणार, आतोबा?" मी विचारलं. "घरी नेणार? ती पुन्हा चावली तर?"

"कळत नाही रे," ते म्हणाले. "माझ्या हाकेला आली ती. नसती आली तर बरं झालं असतं, की वाईट?"

पिल्लं मोठी झाली. आतोबांनी तिघांनाही लस टोचून आणली आणि फाटकाच्या आत ठेवलं. आत्याची जखम भरली, व्रण आहे. अजूनही पापनाशमच्या त्या रस्त्यानं जाताना आतोबा माझ्या खांद्यावर हात ठेवतात. मी स्कूटर हळू करतो. एखादी तांबडी कुत्री दिसते, ती त्यांच्याकडे बघते, ते तिच्याकडे बघतात. ओठ हलतात त्यांचे, पण हाक काही येत नाही.