पाहुणीसाठी तुबा

सारावाकच्या डोंगरात आमचं लांबघर आहे, सगळी कुटुंबं एका छपराखाली. शेवटच्या खोलीत इंदाई जालिंग राहते. इंदाई म्हणजे आई. बाईला मुलाच्या नावानेच हाक मारायची आमची रीत. जालिंग शहरात गेला तो परतला नाही. तिच्याकडे त्याचं नाव राहिलं.

घरामागचं राखीव रान पाम तेलाच्या कंपनीला हवं होतं. आमच्या पिण्याच्या पाण्याचा ओढा त्याच रानातून येतो. त्या ओढ्यावर लांब नाकाच्या, लालभडक टाचण्या, म्हणजे चतुराच्या जातीचे बारीक किडे, बसतात. त्या इथेच वाढतात असं दिसलं, तर रान वगळू, असं सरकारी कचेरीने कळवलं. पाहणीसाठी किड्यांचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टर मेलिंडा येणार होत्या. मुक्काम इंदाईकडे ठरला.

घरात मासा नव्हता. "पाहुणीला काय, मीठ-भात वाढू?" म्हणत इंदाईने तुबाची मुळं उपटून आणली. ही मुळं ठेचून रस पाण्यात सोडला की मासे गुंगून वर येतात; मग दोन दिवस ते पाणी कुणी पीत नाही. ठेचण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. ओढ्याच्या उगमाजवळ, लाकडी होडीत ती मुळं ठेचायला बसली.

शेजारीण ओरडली, "अगं हळू, होडी फुटेल!"

"फुटू दे. तुझ्या नवऱ्याने बांधलीय, तशीही गळतेच."

तिने होडी कलती केली, आणि पांढरा रस ओढ्यातून खाली वाहत गेला. संध्याकाळी डॉक्टर आल्या. त्यांनी मासा दोनदा मागून घेतला.

सकाळी डॉक्टरांनी ओढ्यातली कुजकी पानं, मुळांच्या जटा, दगडांखालची वाळू चाळली. टाचणीची पिल्लं पाण्यातच वाढतात. एकही सापडलं नाही.

"त्या बघा की, बसल्यात!" लांबघराचा प्रमुख सिगाट ओंडक्याकडे बोट दाखवत म्हणाला.

"उडणाऱ्या कुठूनही येतात. मला पिल्लं हवीत. पाण्यात काही टाकलंत का?"

सिगाटने इंदाईकडे पाहिलं. इंदाई म्हणाली, "काल तुम्ही जेवलात ना, त्यासाठीच."

डॉक्टरांनी हातातली चाळण पाण्यात खंगाळली. "त्या रसाने पिल्लंही मेली. ओढा पुन्हा भरायला वेळ लागेल," त्या म्हणाल्या, "आणि कचेरी थांबणार नाही."

कचेरी थांबली नाही; रान कंपनीला गेलं. लांबघरात इंदाईला कुणी बोल लावला नाही. लावला असता, तर ती भांडली तरी असती.

कंपनीची माणसं तोडायच्या झाडांवर रंग मारायला आली, तेव्हा रानाच्या हद्दीच्या जुन्या खुणा दाखवणारं कुणी हवं होतं. त्या फक्त इंदाईला ठाऊक आहेत. सिगाटने तिलाच पाठवलं. ती पुढे चालली आणि एकेका झाडाला हात लावत गेली.