म्हातारीची कोंबडी

पेट्रोलचा वास आला की आजही मला माझा पहिला प्रचार आठवतो. लोकसभेच्या पहिल्याच निवडणुकीला मी उभा होतो. आरमोरीच्या पुढे जंगलातल्या एका गावात आमची जीप शिरली, तर गाव रिकामं! चुली अजून धुमसत होत्या. झाडांमागून कुणीतरी बघतंय असं वाटलं.

एक म्हातारी तेवढी मागे राहिली होती. तिनं कोंबडी पुढे केली. "घ्या साहेब, पण माह्या पोराले बेगारीले नेऊ नोका."

"बाई, मी मत मागाले आलो. कोंबडी नाई पायजे."

ती रडायलाच लागली. जीपमधून येणारे साहेब कोंबडी नाहीतर फुकट राबायला माणूस नेत; कोंबडी नाकारली म्हणजे आता मी पोरालाच नेणार, असं तिला वाटलं.

शेवटी मी कोंबडी घेतली, तेव्हा कुठे झाडांमागून एकेक माणूस बाहेर आला.

पुढे खासदार म्हणून पुष्कळ सभा घेतल्या. पहिली अशी भरली होती.